हातानं थांबणारं यंत्र

आमच्या घरी टेपरेकॉर्डर आला तो गाणी ऐकायला आला नव्हता, हे मी माझ्या धाकट्या भावाला वर्षानुवर्षं सुनावत आले आहे. तो आला होता आत्याच्या डोळ्यांच्या जागी. पुढं भावानं त्यावर काय काय वाजवलं आणि वस्तीतल्या कोणकोणत्या लग्नांत तो मिरवून आणला, तो भाग वेगळा.

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाकडच्या आमच्या वस्तीत तिला सगळेच आत्याबाई म्हणायचे, तिच्याहून मोठ्या बायासुद्धा. तिनं जन्मभर विड्या वळल्या. अक्षरांशी तिची ओळख झाली ती दीक्षेनंतर, विहारातच मोठ्या माणसांसाठी वर्ग निघाला तेव्हा. तोवर तिच्या कानाजवळचे केस पिकायला लागले होते. घरातल्या पाट्या आम्ही पोरं पळवायचो, म्हणून ती तेंदूच्या पानावर खिळ्यानं अक्षरं कोरायची आणि मग त्याच पानाची विडी वळायची. ठेकेदाराकडे गेलेल्या कितीतरी विड्यांच्या पोटात क, ख, ग असणार. ओढणाऱ्यांनी ते वाचले की नुसतेच फुंकले, कोण जाणे.

असं शिकलेलं वाचन माणूस मिरवतोच. आमच्याकडे वर्षावास असतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात धम्माचा ग्रंथ वाचतात. बाया चुलीवरची कामं आटोपून, पांढरी लुगडी नेसून येतात. एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात. आमच्या विहारात ती एक जण म्हणजे आत्या. ग्रंथ मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एक वाक्य वाचायची, हात वर करायची आणि सगळ्यांकडे बघायची. "समजलं का वं बायाहो?" कोणी नाही म्हटलं की वाचन थांबलंच समजा. लोभाचं प्रकरण आलं की नळावरची रांग यायची, आणि रांगेत मागून येऊन पुढं हंडा लावणाऱ्या बाईचं नाव न घेता असं काही वर्णन व्हायचं, की ती बाई पदरात तोंड लपवून हसायची. कधीकधी एका पानात अख्खी संध्याकाळ जायची. कोणाचीच तक्रार नसायची.

एकीची असायची. आमच्या गल्लीत एक काकू होत्या. त्या लहानपणीच शाळेत जाऊन सातवी पास झालेल्या, आणि ही गोष्ट त्या दर चौथ्या वाक्यात सांगायच्या, म्हणून आम्ही त्यांना सातवीवाल्या काकू म्हणायचो. आत्याला ताप आला की ग्रंथ त्यांच्याकडे जायचा. त्या वाचायच्या ते स्टेशनवरच्या घोषणेसारखं. गाडी आली, थांबली आणि गेली, सगळं एका श्वासात. "आत्याबाईच्या वाचनात वाचन कमी अन् गोष्टीच जास्त," असं त्या म्हणायच्या. आत्या म्हणायची, "तिच्या वाचनात बायाईले श्वास घ्याले जागा नाही." आत्याच्या वाचायच्या जागेवर काकूंचा फार वर्षांपासून डोळा होता.

आणि डोळे गेले ते आत्याचे. साखरेनं आतला पडदाच खाल्ला होता. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की हे चष्म्यानं होणार नाही आणि ऑपरेशननंही होणार नाही. उजेड-अंधार कळेल, माणूस आलं-गेलं कळेल, अक्षर दिसणार नाही. परतीच्या रिक्षात मी तिचा हात धरून रडत होते. बैद्यनाथ चौक गेल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला.

"मंग औंदा आषाढीले कोन वाचन?"

हा प्रश्न नव्हता, मला सरळसरळ नोटीसच होती. मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. दिवसभर लोकांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची सवय, त्यामुळे जगातली प्रत्येक अडचण ही एक न लागलेली लाइन आहे आणि ती मीच लावायची आहे, असा माझा समज होता. मी जाहीर केलं, आपण यंत्र घेऊ. मी ग्रंथ वाचून त्यात भरीन आणि आत्या ते विहारात लावील.

यंत्र निवडायला आम्ही तिघं बर्डीवरच्या बाजारात गेलो. भाऊ हिंगण्याच्या एका कारखान्यात लागला होता आणि ज्या वस्तूला स्क्रू असतो त्या वस्तूतलं आपल्याला सगळं कळतं असं धरून चालायचा. त्याला दोन भोंग्यांचा, लाल दिवे नाचणारा टू-इन-वन हवा होता. मला कडी असलेला, हलका, उचलून नेता येण्याजोगा हवा होता. दुकानाच्या कोपऱ्यात एक जुनं स्पूलचं यंत्रही होतं, ते दुकानदाराला आमच्या गळ्यात मारायचं होतं. आम्ही दोघं भाऊबहीण आवाज चढवून भांडत असताना आत्यानं काउंटरवर हात फिरवला आणि दुकानदाराला विचारलं, "काहो, हे माझ्या हातानं थांबते का?"

"थांबवायची गरजच नाही माताजी. कॅसेट संपली का ॲटोमॅटिक बंद होते."

"ते त्याच्या मनानं झालं. माझ्या मनानं थांबते का?"

दुकानदार गोंधळला. मग एक चपटं, काळं यंत्र निघालं, हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी बटनं असलेलं. आत्यानं एकेक दाबून पाहिलं. त्यातलं एक दाबलं की फीत जागच्या जागी थांबायची आणि पुन्हा दाबलं की तिथूनच पुढं चालायची. "हे घ्या," ती म्हणाली. घरी आल्यावर मी त्या बटनावर डिंकानं तुरीच्या डाळीचा दाणा चिकटवला, म्हणजे तिला बोटाला लागेल. भावाला तो दाणा यंत्राचा अपमान वाटला.

इथपर्यंत सगळं माझ्या हिशेबानं चाललं होतं. तेवढ्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, की आंधळ्या माणसांसाठी पुस्तकं बोलून कॅसेटवर भरणारी एक संस्था आहे आणि त्यांच्याकडे आपला ग्रंथही आहे. मला हायसं झालं. आयतं मिळत असताना घसा कशाला कोरडा करा? मी पत्र टाकलं आणि पार्सल आलं. डब्यात ओळीनं कॅसेटी होत्या, आमच्या यंत्राच्या मापाच्याच. भावानं एक उचलून आत बसवली, खट् आवाज आला, झाकण लागलं. तो म्हणाला, "परफेक्ट." शेजारच्या बाया ओसरीवर जमल्या होत्या. सातवीवाल्या काकूही आल्या होत्या, पण उंबऱ्याच्या बाहेर उभ्या होत्या, म्हणजे आपण बघायला आलो नाही असं वाटावं.

भावानं बटन दाबलं. आतून जो आवाज आला तसा मी जन्मात ऐकला नव्हता. कोणीतरी बारीक, चिरक्या आवाजात, धाप लागल्यासारखं काहीतरी बोलत होतं, आणि त्याच्याखाली दुसरं कोणीतरी उलटं बोलत होतं. शब्द शेपटीकडून निघून तोंडाकडे जात होते. भावानं कॅसेट काढली, फुंकली, उलटी करून घातली. मग दुसरेच दोन आवाज निघाले, पुन्हा एक सुलटा आणि एक उलटा.

आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "उंदीर वाचून राहिला का गा, बाबू?"

बाया हसून लोटपोट झाल्या. उंबऱ्याबाहेरून काकू म्हणाल्या, "मी एवढी फास्ट नाही वाचत बाप्पा."

भावानं हार मानली नाही. त्यानं झाकण उघडून फिरणाऱ्या चाकावर अंगठा दाबला. चाक हळू झालं आणि खरोखरच उंदराचा माणूस झाला. भारदस्त आवाजाचे कोणी गृहस्थ, अगदी सावकाश वाचणारे. अंगठा जरा ढिला पडला की गृहस्थ पुन्हा उंदीर व्हायचे, जरा जास्त दाबला की रेडा व्हायचे.

"असाच अंगठा ठेवून आश्विनपर्यंत बसजो मंग," आत्या म्हणाली.

"मले शिफ्ट हाय न आत्या," भाऊ कळवळून म्हणाला.

पुढं कळलं ते असं, की त्या कॅसेटी दिसायला आपल्यासारख्या असल्या तरी त्या अर्ध्या वेगानं भरलेल्या असतात. एका कॅसेटीत जास्त पुस्तक मावावं म्हणून एकाच फितीवर दोन्ही बाजू मिळून चार पट्ट्या करतात. त्यांना वेगळं यंत्र लागतं आणि ते संस्थेकडेच मिळतं, आपला नंबर लागला की. नंबर लागेपर्यंत आषाढी गेली असती. आत बसतं ते चालतंच असं नाही, हे लग्न जुळवणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. आम्हाला ते कॅसेटीनं शिकवलं. मी पार्सल परत केलं आणि साध्या कोऱ्या कॅसेटी आणल्या.

मग माझी परीक्षा सुरू झाली. ड्यूटीवरून आलं की चहा घ्यायचा आणि ग्रंथ घेऊन यंत्रासमोर बसायचं. समोर आत्या, भिंतीला टेकून, डोळे मिटून. मला वाटत होतं माझा आवाज चांगला आहे. एक्स्चेंजमध्ये त्याची तारीफ व्हायची. आत्यानं पहिल्याच पानाला हात वर केला. "वाचून राहिली का नंबर लावून राहिली?"

मी चिडले. पुन्हा वाचलं. "आता कशी वाचून राहिली, जशी भाजीवाल्याशी भांडून राहिली." पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा तिनं नुसता सुस्कारा टाकला. तो सुस्कारा कॅसेटमध्ये भरला गेला, तो तसाच राहिला. आणखीही बरंच काही राहिलं. आमच्या घराला दोन खोल्या, आणि एका खोलीत बोललेलं दुसरीला ऐकू जाणार नाही अशी भिंत नागपुरात कोणी बांधत नाही. कुकरच्या शिट्ट्या राहिल्या, भावाची मोटरसायकल राहिली, आणि दुःखाचं मूळ सांगणाऱ्या एका गंभीर प्रकरणात शेजारचा कोंबडाही राहिला. एकदा भरलेलं पुसून पुन्हा भरण्याइतका माझ्यात धीर नव्हता. आषाढी तोंडावर आली होती.

पौर्णिमेच्या संध्याकाळी भावानं यंत्र विहारात नेऊन स्टुलावर ठेवलं. वंदना झाली. आत्या नेहमीच्या जागी बसली, दाणा चाचपला, बटन दाबलं. माझा आवाज निघाला, स्वच्छ, मोठा. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? बाया यंत्राकडे बघत ऐकत होत्या. आत्यानं वाक्याशी थांबवायचा प्रयत्न केला, पण तिला थांबवायचं कळेपर्यंत मी पुढच्या वाक्यात शिरलेली असायची. अर्ध्यावर तुटलेल्या वाक्याचा अर्थ कोण विचारणार? कोणी काही विचारलंच नाही. दोघी-तिघी हळूच आपसात बोलायला लागल्या. संपल्यावर "साधु, साधु, साधु" झालं, तेही यंत्राकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी बाया कमी आल्या. एक म्हातारी सरळच म्हणाली, "टेपच आयकाचा तं घरी रेडिओ काय वाईट हाय? सातवीवालीले देऊन द्या ग्रंथ."

त्या संध्याकाळी आत्या जेवली नाही. मी भाकरी घेऊन जवळ बसले तेव्हा म्हणाली, "मी कंडक्टर झाली वं पोरी. घंटी मी वाजवते, गाडी तू चालवते. मले काहून बसवलं तिथं?"

मला वाईट वाटलं आणि रागही आला. एवढा घसा फोडून मी भरलं आणि हिला कंडक्टर वाटतंय. मग तिनं विचारलं, "तुझ्या हापिसात लाइन खराब असली का तू काय करते म्हणत होती?"

ही गोष्ट मी घरी बढाई मारून सांगायची. कधीकधी ट्रंक कॉलवर इकडच्याला तिकडचं ऐकू जायचं नाही, पण मध्ये बसलेल्या मला दोघांचं ऐकू यायचं. मग मी तिकडच्याचं कानानं ऐकायची आणि इकडच्याला तोंडानं सांगायची. कानातलं वाक्य संपायच्या आत तोंडातलं सुरू करायचं, याची सवय व्हावी लागते. लोकांच्या मुली झालेल्या, बदल्या रद्द झालेल्या, असं सगळं माझ्या तोंडून कळायचं.

"त्या डब्यासंग एक कानातलं आलं होतं न?" आत्या म्हणाली. "आन बरं."

कानातलं म्हणजे एका कानात घालायची बोंडी आणि तिची लांब वायर. ती लावली की आवाज बाहेर येत नाही, फक्त त्या कानात येतो. मी तिला शिकवायला गेले, तर तिला शिकवणी लागलीच नाही. ज्या बाईनं विड्या वळता वळता पानांवर क, ख, ग कोरले, तिला ऐकत बोलणं काय जड?

दुसऱ्या दिवशी विहारात यंत्र स्टुलावर नव्हतं. ते आत्याच्या मागं, पंच्याखाली होतं. बोंडी कानात, वायर पदराखाली, एक हात पंच्याखाली दाण्यावर, आणि मांडीवर ग्रंथ, कारण मांडीवर ग्रंथ नसेल तर ते वाचन कसलं. एवढंच काय, नाकाच्या शेंड्यावर चष्मासुद्धा होता. ती ऐकायची, दाणा दाबायची, क्षणभर थांबायची आणि मग वाक्य तिच्या आवाजात बाहेर यायचं. माझ्या नंबर लावणाऱ्या आवाजाचं तिच्या तोंडात गेल्यावर काय व्हायचं कोणास ठाऊक. तेच शब्द, पण ऐकावेसे वाटायचे. हात वर गेला. "समजलं का वं बायाहो?" आणि मागून कोणीतरी म्हणालं, "नाही समजलं आत्याबाई." मी कोपऱ्यात बसून सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात माझं लक्ष ग्रंथाकडे गेलं. तो उलटा होता. पानावरचं चित्र डोक्यावर उभं होतं. पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना ते दिसत होतं, आणि आत्या मोठ्या रुबाबात पान उलटत होती. सातवीवाल्या काकू उठल्या. आता ही बाई सगळ्यांसमोर बोलणार, आणि बोलली तर आत्या पुन्हा या जागेवर बसणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. काकू पुढं गेल्या, वाकल्या, आत्याच्या मांडीवरचा ग्रंथ दोन्ही हातांनी उचलून सुलटा केला, पुन्हा मांडीवर ठेवला आणि आपल्या जागी येऊन बसल्या. आत्यानं घसा खाकरला आणि पुढं वाचायला लागली. सगळ्या विहाराला वायर दिसत होती आणि कोणालाच ती दिसत नव्हती.

तेव्हापासून बाया वाढत गेल्या. गंमत एकदाच झाली. आत्या सावकाश, गंभीर सुरात वाचत होती, की तृष्णा सोडावी, संग सोडावा, मन शांत ठेवावं. दाणा दाबला, सोडला आणि त्याच सुरात पुढचं वाक्य आलं, "अन् कुकर खाली उतरव, डाळ जळून राहिली."

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. ते वाक्य माझं होतं, भावाला ओरडून सांगितलेलं. मागच्या रांगेतून एकीनं अगदी मनापासून विचारलं, "याचा अर्थ काय जी आत्याबाई?"

आत्यानं हात वर केला, जसा नेहमी करायची. "अर्थ सोपा हाय," ती म्हणाली. "मन मोठमोठ्या गोष्टीत गुंतलं का चुलीवरचं जळते. ध्यान सगळीकडं पाह्यजे." बायांनी माना डोलावल्या. एवढ्या चांगल्या रीतीनं ती बाजू मला काही सावरता आली नसती. पुढं कितीतरी दिवस आमच्या गल्लीत कोणी फार ज्ञान पाजळायला लागलं, की बाया म्हणायच्या, कुकर उतरव.

भाद्रपद उलटला आणि यंत्रानं दगा दिला. भर वाचनात आत्याचा चेहरा बदलला. तिनं दाणा दाबला, पुन्हा दाबला. आतून करकर आवाज आला. मी पंचा उचलला, तर यंत्रानं फीत खाल्ली होती. तपकिरी आतडी बाहेर आली होती आणि उरलेली आत चाकांना गुंडाळली होती. मी ओढली तर ती तुटली. आत्यानं बोंडी कानातून काढून हातात धरली. समोर सगळ्या बाया, मांडीवर ग्रंथ, वाक्य अर्ध्यावर. तिचा चेहरा इतका उघडा पडलेला मी कधी पाहिला नव्हता, डॉक्टरांसमोरसुद्धा नाही.

मी ग्रंथ घ्यायला पुढं होणार, तोच सातवीवाल्या काकू उठल्या. मला वाटलं, आली यांची वेळ, आणि या वेळी त्यांना नावं ठेवायलाही जागा नव्हती. वाचायला तर कोणीतरी हवंच होतं. काकू आत्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "जराशा सरका आत्याबाई." आत्या सरकली. सगळीच जागा सोडायला लागली, तर काकूंनी तिचा दंड धरून तिला तिथंच बसवलं आणि तिला खेटून बसल्या. ग्रंथ आत्याच्याच मांडीवर राहू दिला. योग्य पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं, आत्याच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं, राहिलेलं वाक्य सांगितलं.

आत्यानं ते मोठ्यानं म्हटलं.

काकू सवयीप्रमाणं लगेच पुढच्या वाक्यात धावल्या. आत्यानं हात पुढं केला, चाचपत काकूंचा गुडघा शोधला आणि त्यावर ठेवला. काकू थांबल्या. ज्यांना जन्मात कोणी पूर्णविरामाशी थांबवलं नव्हतं, त्या बाई तोंड अर्धं उघडं ठेवून थांबल्या. आत्यानं दुसरा हात वर केला. "समजलं का वं बायाहो?" मग प्रश्न आला, मग नळाची रांग आली, मग हशा झाला. काकूसुद्धा हसल्या. सगळं झाल्यावर आत्यानं गुडघ्यावरचा हात उचलला आणि काकू पुढचं वाक्य सांगायला लागल्या. मी तुटकी फीत हातात घेऊन रडत होते, आणि ते लपवायचं मला सुचलंही नाही.

घरी जाताना भाऊ म्हणाला, "उद्याच दुरुस्त करून आनतो आत्या. नाही झालं तं दुसरं पाहू. आता नवीन चांगले निघाले."

"काही आनू नको," आत्या म्हणाली. "तो डबा तूच घे, गाने आयक." गल्लीत काकूंच्या दारात दिवा लागलेला होता आणि त्या आपल्या नवऱ्याला, आज आपण सातवी पास असल्याचा विहाराला कसा उपयोग झाला, ते एका श्वासात सांगत होत्या. आत्या तिथं थांबली, थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग माझा हात दाबून हळूच म्हणाली, "मले भेटलं आपलं. हातानं थांबते."